आमच्या टाकीतले मासे पंचगंगेचे निघाले, आता काय करू?

पंचगंगेकाठचा

नमस्कार मंडळी. मूळचा कोल्हापूरचा, शुक्रवार पेठेतला. गेली नऊ वर्षं जर्मनीत, स्टुटगार्टला असतो.

लेकीच्या वाढदिवसाला तीन फुटी टाकी घेतली. दुकानात पट्ट्यापट्ट्यांचे छोटे मासे होते. चॉकलेटी अंगावर पिवळसर तिरक्या रेघा, तोंडाशी मिशा, सारखे एकमेकांच्या अंगावर चढत खेळत होते. पाटी होती 'झेब्रा लोच'. लेकीला आवडले, सहा घेतले. रात्री ती म्हणाली, "बाबा, हे कुठल्या देशातले?" मला वाटलं असतील ब्राझीलचे नाहीतर थायलंडचे. शोधलं तर शास्त्रीय नाव बोटिया स्ट्रायटा, राहण्याचं ठिकाण सह्याद्री, कृष्णेचं वरचं खोरं. याच्या एका रंगभेदाला 1956 साली चक्क 'कोल्हापुरेन्सिस' असं नाव दिलेलं. पुढे लिहिलेलं, आययूसीएनच्या (निसर्ग जपणाऱ्या जागतिक संघटनेच्या) लाल यादीत 'संकटग्रस्त'.

घाटावर पोहायला शिकलो त्या पाण्यातला हा मासा मला चाळीसाव्या वर्षी परदेशात काचेआड भेटला, तोही किंमत लावलेला. त्या रात्री झोप लागली नाही.

मला खरंच विचारायचंय. संकटग्रस्त मासा घरात ठेवणं बरोबर आहे का? आता घेऊन झालेत, तर पुढे काय करावं? आणि तुमच्यापैकी कुणी हा मासा नदीत पाहिलाय का?

रस्सावाला

भावा, कोल्हापूरचा माणूस कुठं पण गेला तर त्याला कोल्हापूरचं माणूस भेटतंयच. तुला मासा भेटला!

पण वाचून पोटात कालवलं बघ. मी आता बी नदीकाठालाच राहतो. पट्ट्याचा मासा नाही कधी बघितला.

सई_तळ्यात

पंचगंगेकाठचा, आधी व्यवहाराचं सांगते, कारण मासे आत्ता तुमच्या टाकीत आहेत. मी पुण्यात अकरा वर्षं टाक्या सांभाळतेय, त्यातली सहा वर्षं बोटिया जातीचे मासे आहेत.

सहा घेतलेत हे उत्तम केलंत. हा कळपातला मासा आहे, एकटादुकटा ठेवला तर कोपऱ्यात दडून खात नाही. खाली बारीक गुळगुळीत वाळू ठेवा, टोकदार खडी नको, ते मिशांनी तळ चाचपत फिरतात. लपायला जागा माशांच्या संख्येपेक्षा जास्त हव्यात. पाण्याला प्रवाह हवा आणि हवा भरपूर खेळती हवी.

दोन गोष्टींनी लेक घाबरेल, तिला आधीच सांगून ठेवा. एक, हे मासे कधी कधी मेल्यासारखे आडवे पडून झोपतात. माझ्याकडे पहिल्यांदा असं झालं तेव्हा मी जाळी घेऊन काढायला गेले, तर पठ्ठ्या सुर्रकन पळाला. दुसरं, रात्री शांत असताना टाकीतून टक्टक् आवाज येईल. ते मासेच करतात, विशेषतः खाण्यावरून भांडताना.

डोळ्याखाली एक काटा असतो, घाबरले की बाहेर काढतात. म्हणून बारीक जाळीने पकडू नका, काटा अडकतो आणि मासा जखमी होतो. डब्यात घेऊन हलवा.

आणि पांढऱ्या ठिपक्यांचा रोग यांना फार लवकर होतो. खवले अगदी बारीक, त्यामुळे औषध सोसत नाही. औषध द्यायची वेळ आलीच तर कमी मात्रेपासून सुरू करा.

नीट ठेवलेत तर दहा-बारा वर्षं सहज जगतात. तुमची लेक कॉलेजात जाईपर्यंत साथ देतील.

जलचर_विद्यार्थी

मी प्राणिशास्त्रात एमएस्सी करतोय, गोड्या पाण्यातले मासे हाच विषय आहे. थोडी भर घालतो.

या माशाचं पहिलं शास्त्रीय वर्णन सी. आर. नारायण राव यांनी 1920 साली केलं, शिमोग्याजवळ तुंगा नदीत मिळालेल्या माशांवरून. तुंगा म्हणजे पुढे तुंगभद्रा, ती कृष्णेलाच मिळते. म्हणजे हा कृष्णा खोऱ्याचा, त्यातही घाटाजवळच्या वरच्या भागाचा मासा. महाराष्ट्र आणि कर्नाटक सोडून जगात दुसरीकडे कुठेही नैसर्गिकरीत्या नाही.

आता आकडा. 2013 साली एक अभ्यास प्रसिद्ध झाला. 2005 ते 2012 या काळात भारतातून संकटात असलेल्या 30 जातींचे मिळून किमान 15 लाख गोड्या पाण्यातले मासे शोभेसाठी निर्यात झाले. सर्वांत जास्त गेलेल्या जातींत हा बोटिया स्ट्रायटा होता. सोबत केरळातला 'मिस केरळ' नावाचा मासा आणि मटारच्या दाण्याएवढा पिवळा फुगा मासा.

यातले बहुतेक आपल्या नद्या-ओढ्यांतून पकडून नेलेले. लोक समजतात की टाकीतला मासा कुठल्यातरी शेततळ्यात वाढवलेला असणार. गप्पी, मोली, गोल्डफिश यांच्या बाबतीत ते खरं आहे. बोटियाच्या बाबतीत फार काळ तसं नव्हतं, कारण तो टाकीत आपणहून वीण करत नाही, इंजेक्शन देऊन करावी लागते.

निवांत_दुपार

पण मग दोष विकत घेणाऱ्याचा कसा? बिचाऱ्या माणसाने दुकानातून सहा मासे घेतले. नदी त्याने नाही घाण केली.

पंचगंगेकाठचा

सईताई, खूप खूप आभार. काल रात्री टक्टक् ऐकू आलं! लेक टॉर्च घेऊन टाकीसमोर बसली होती. वाळू आजच बदलतो.

निवांत, दोष शोधायला नाही आलो हो. पण नकळत का होईना, त्या साखळीत माझे नऊ युरो आहेत. एकेका माशाचे नऊ. ज्याने तो नदीत उतरून पकडला त्याला त्यातले किती मिळाले असतील?

इचलकरंजीचा_सूत

किती मिळाले ते सोडा. मी सरळ बोलतो, राग नसावा.

टाकीतले मासे, निर्यात, हे सगळं बारकं आहे. आमच्या इथे नदीची अवस्था या एकदा बघायला. शहरांचं सांडपाणी, कापडाच्या प्रोसेसचं रंगीत पाणी, गाळप हंगामात मळीचं पाणी. शिरोळकडच्या बंधाऱ्यांवर दरवर्षी मेलेल्या माशांचा थर साचतो. वास इतका, की पुलावरून जाताना नाकाला रुमाल. एका रात्रीत जेवढे मासे तिथे मरतात तेवढे कुणी निर्यातवाला जन्मात पकडणार नाही.

माझे वडील मागावर कामाला होते. त्यांना विचारलं की म्हणतात, आम्ही नदीचं पाणी ओंजळीने प्यायलोय. मी माझ्या मुलाला पाय पण बुडवू देत नाही. आधी हे बघा, मग टाकीचं बोलू.

जलचर_विद्यार्थी

@इचलकरंजीचा_सूत, तुमचं अर्ध बरोबर आहे आणि तो अर्धा भाग मोठा आहे. प्रदूषण, वाळू उपसा, बंधारे हीच मुख्य कारणं.

पण बंधाऱ्याच्या वर, घाटाच्या पायथ्याला जे स्वच्छ वाहतं पाणी उरलंय, तिथेच हा मासा टिकून आहे. आणि पकडणारे नेमके तिथेच जातात, कारण मासा तिथेच मिळतो. खालून नदी मेली, वरून जाळं आलं. अशा जातीला मधे कुठे जागाच उरत नाही. म्हणून पकडण्याचं प्रमाण आकड्यात लहान दिसलं तरी लागतं जास्त.

बंधाऱ्यांचं अजून एक. कोल्हापुरी बंधाऱ्याने शेती उभी केली हे खरंच आहे, मी त्याच उसावर वाढलोय. पण पावसाळा संपला की बंधाऱ्यात बरगे (पाणी अडवायच्या फळ्या) घालतात, आणि पुढचे सात-आठ महिने नदीचं एकामागून एक तळं होतं. गोट्यांवरून खळाळणारं उथळ पाणी, ज्यात बोटिया राहतो, ते त्या तळ्यांच्या तळाशी जातं. वर गाळ बसतो. पाणी असूनही त्याचं घर नसतं.

आजरेकर_मास्तर

धागा वाचून राहवलं नाही म्हणून लिहितो. टंकण्याचा सराव कमी आहे, चुका पदरात घ्या.

मी आजऱ्याचा, हिरण्यकेशीच्या काठचा. प्राथमिक शाळेत 34 वर्षे नोकरी करून निवृत्त झालो. श्री. पंचगंगेकाठचा यांनी विचारले आहे की हा मासा नदीत कुणी पाहिला आहे का. मी पाहिला आहे.

आमच्या लहानपणी, म्हणजे साधारण 1968-70 च्या सुमारास, उन्हाळ्याच्या सुटीत म्हशी पाण्यात सोडल्या की आम्ही पोरे रामतीर्थाच्या वरच्या अंगाला गोटे उलथत बसायचो. दोघांनी पंचा धरायचा, तिसऱ्याने वरून पाय आपटत यायचे. पंचात खेकड्याची पिले, झिंगे, वाळूसारखे दिसणारे बारके मासे, आणि त्यात एखाददुसरा हा पट्ट्यांचा. बोटाएवढा. आम्ही त्याला 'वाघोबा' म्हणत असू. त्याचे मोठ्या माणसांतले नाव काय होते ते आम्ही कधी विचारले नाही.

एकदा मी तो मुठीत धरला आणि गालाजवळच्या काट्याने तळव्याला असा टोचला की रक्त आले. आजीने हळद भरली आणि म्हणाली, "त्याचं घर उचकटलंस, तो काय आरती ओवाळील?" सई यांनी डोळ्याखालच्या काट्याबद्दल लिहिले आहे ते वाचताना हात आपोआप तळव्यावर गेला.

खाण्यासाठी कुणी हा मासा धरीत नसे. काटेच काटे. त्यामुळे असेल, पण भोयांच्या जाळ्यात आला तरी ते परत टाकीत.

मीनाक्षी_के

मास्तर, किती सुंदर लिहिलंत. आजीचं वाक्य वहीत लिहून ठेवलं.

रस्सावाला

मास्तर, नमस्कार. 'वाघोबा' एक नंबर. पंचगंगेकाठच्या, आता झेब्रा-बिब्रा काय म्हणू नगंस, वाघोबाच म्हण.

कुर्ला_कट्टा

मुंबईकर इथे. माझ्याकडे बोटिया नाही, पण लाल शेपटीचा काळा शार्क आहे. (नावाला शार्क, आहे रोहूच्या भाऊबंदांतला.) मखमली काळं अंग, शेपूट कुंकवासारखी लाल. मुंबईत कुठल्याही दुकानात मिळतो.

मूळ मुद्द्याला याचं उदाहरण लागू पडतं म्हणून लिहितो. हा थायलंडचा, चाओ फ्राया नदीच्या खोऱ्यातला. 1931 मध्ये ह्यू स्मिथ यांनी त्याचं वर्णन केलं, ते तेव्हा सयामच्या सरकारचे मत्स्य सल्लागार होते. पुढे धरणं झाली, दलदली आटवून शेती केली, आणि 1996 च्या लाल यादीत हा मासा 'निसर्गातून नामशेष' म्हणून नोंदला गेला. नंतर थोडे सापडले, आता 'अतिसंकटग्रस्त' आहे. आणि तरी जगभरच्या घरांत हा मासा ढिगाने आहे, कारण थायलंडमधल्या शेतांवर इंजेक्शन देऊन त्याची पैदास करतात.

म्हणजे छंद करणाऱ्यांमुळे जात टिकली असं म्हणायला जागा आहे की नाही? नदीतला गेला, आमच्या टाकीतला आहे.

जलचर_विद्यार्थी

जात टिकली, पण कशी टिकली ते पाहायला हवं. शेतावरचे हे मासे कुठल्या ओढ्यातल्या किती जोड्यांपासून आले याची नोंद नाही. पिढ्यान् पिढ्या शेततळ्यात चटकदार रंगाचे निवडून वाढवलेत. उद्या थायलंडने एखादी नदी स्वच्छ केली आणि मासा परत सोडायचा ठरवला, तर हे मासे चालतील का, हा मोठा प्रश्न आहे.

पण कुर्ला_कट्टा यांचा मुद्दा मी झटकून टाकत नाही, कारण उलट उदाहरणही आहे. मेक्सिकोत तेउचित्लान नावाच्या गावी झऱ्यांतून निघणाऱ्या नदीत टेकिला नावाचा छोटा मासा होता. तो तिथून पार नाहीसा झाला. पण युरोपातल्या काही हौशी लोकांच्या टाक्यांत होता. 1998 साली इंग्लंडहून पाच जोड्या मिचोआकानच्या विद्यापीठात आल्या. तिथल्या लोकांनी त्यांची वीण वाढवली, मग विद्यापीठातल्या उघड्या तळ्यांत ठेवून त्यांना परजीवी, पक्षी, ऋतू यांची सवय होऊ दिली. गावातल्या शाळांना सोबत घेतलं, नदी साफ केली, बाहेरचे मासे कमी केले. मग त्या झऱ्यांत 1,500 मासे सोडले आणि ते तिथे नांदू लागले. पाच जोड्यांपासून.

हे घडलं कारण कुणीतरी जात शुद्ध ठेवली होती, नोंद ठेवली होती, आणि परत न्यायला नदी तयार केली गेली.

निवांत_दुपार

हे माहीतच नव्हतं. काटा आला अंगावर.

मग पंचगंगेकाठच्या दादांनी सुट्टीत येताना मासे आणून नदीत सोडावेत की! सहा तर सहा.

सई_तळ्यात

निवांत, नको नको नको! मनापासून सुचवलंत हे कळतंय, पण टाकीतला मासा नदीत कधीच सोडू नये. त्या टाकीत जगभरचे मासे राहून गेलेले असतात, त्यांचे जंतू आणि परजीवी या सहांच्या अंगावर असू शकतात. नदीतल्या उरलेल्या माशांना ते लागले तर आपल्या हाताने शेवट केला असं होईल. शिवाय शेतांवर बोटियाच्या दोन जातींचा संकरही करतात, दिसायला सारखेच.

उजनीचं उदाहरण घ्या. टाकीची काच साफ करतो म्हणून लोक सकर मासा आणतात. तीन इंचाचा असतो, दीड फुटाचा झाला की घरात मावत नाही. मग कुणीतरी भावनेने नदीत नेऊन सोडतं. आता उजनीत मच्छीमारांच्या जाळ्यात तेच भरतात. अंगावर दगडासारखं कवच, जाळी फाडतात, खायला कुणी घेत नाही. मी स्वतः भिगवणला पक्षी बघायला गेले होते तेव्हा काठावर टाकून दिलेल्या सकरांची रांग पाहिली. एक मच्छीमार काका जाळं सोडवत बसले होते. कात्रीने जाळं कापायची वेळ आली होती. मला म्हणाले, "ताई, हे तुमच्या शहरातलं आहे." मला उत्तर देता आलं नाही.

मीनाक्षी_के

गप्पीचंही तेच ना? लहानपणी आमच्या गावात डासांसाठी विहिरीत आणि गटारात गप्पी सोडायचे, शाळेत आम्हाला बाटलीतून वाटलेही होते.

जलचर_विद्यार्थी

हो. बंद टाक्यांपुरतं ठीक, पण ओढ्यात गेले की गप्पी स्थानिक माशांची जागा घेतात. आपल्याकडे डोक्यावर चांदीचा ठिपका असलेला पँचॅक्स हा देशी मासा पृष्ठभागावरच्या अळ्या मस्त खातो. कुठल्याही शांत ओढ्यात वरून पाहिलं तर तो ठिपका चमकताना दिसतो.

दूरचा_ढग

अवांतर होतंय याची जाणीव आहे, पण मास्तरांनी हिरण्यकेशीचं नाव घेतलं म्हणून. आंबोलीला नदीच्या उगमाशी जे मंदिर आहे, तिथल्या कुंडातून 2020 साली लोचचीच एक नवी जात शोधली गेली. नाव ठेवलं शिस्टुरा हिरण्यकेशी. आणि 2021 मध्ये राज्य सरकारने ती जागा जैवविविधता वारसा स्थळ म्हणून जाहीर केली. एवढ्याशा माशासाठी!

मी गेलो होतो तिथे श्रावणात. धुक्यात काही दिसत नव्हतं, नुसता पाण्याचा आवाज. गुहेतून पाणी येतं ते इतकं गार, की हात दोन मिनिटं ठेवला तर बधिर होतो.

आजरेकर_मास्तर

दूरचा ढग यांनी अवांतर म्हटले आहे, मला ते तसे वाटत नाही. देवाच्या नावाने राखलेले पाणी हाच आपल्याकडचा जुना उपाय होता. महाडजवळ काळ नदीवर वाळणकोंड आहे, तिथल्या डोहातले मोठे मासे वरदायिनीचे म्हणून कुणी मारीत नाही. वाड्याजवळ वैतरणेवर तिळसे येथेही तसेच. मी दोन्हीकडे जाऊन आलो आहे. वाळणकोंडला चुरमुरे टाकले की हाताएवढे मासे वर येतात, आणि शेजारी उभा असलेला गावचा पोरगा सुद्धा गळ टाकायचा विचार करीत नाही.

परंतु देव मोठ्या माशाला मिळाला. वाघोबा बोटभर, त्याच्यासाठी कुणी डोह राखला नाही.

इचलकरंजीचा_सूत

मास्तर, शेवटचं वाक्य लागलं.

मी वर जरा तावातावाने लिहिलं होतं. मासा पकडणाऱ्याचा मुद्दा पटला. पण मग एक सांगा, केरळात त्या 'मिस केरळ'वर सरकारने बंदी घातली होती ना? त्याने काय झालं?

जलचर_विद्यार्थी

चांगला प्रश्न. 2008 साली केरळ सरकारने आदेश काढला, काही महिने पकडायला बंदी घातली. जून, जुलै आणि ऑक्टोबर. सर्वसाधारण समज असा की मासे पावसाळ्यात वितात. पण नंतर अभ्यास झाला तेव्हा दिसलं की या माशाचा विणीचा हंगाम ऑक्टोबर ते मार्च. म्हणजे बंदी उठायची तेव्हा मादी अंड्यांनी भरलेली. हेतू चांगला, पण माशाला विचारलंच नाही.

याच माशाच्या प्रजातीला 2013 मध्ये 'सह्याद्रिया' असं नाव मिळालं. ते देणाऱ्यांत पुण्याच्या आयसर या विज्ञान संस्थेतले नीलेश डहाणूकर होते. माशाच्या शास्त्रीय नावात आपला सह्याद्री आहे, हे मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा होस्टेलवर सगळ्यांना दाखवत फिरलो होतो.

पकडणारा_नाही

बरेच दिवस नुसता वाचतो, आज लिहितोय. नाव सांगत नाही.

माझा चुलता शोभेचे मासे पकडून द्यायचा. पलीकडे कर्नाटक हद्दीत. मी सुट्टीत त्याच्यासोबत गेलोय. व्यापारी ऑर्डर द्यायचा, शंभर पाहिजेत, दोनशे पाहिजेत. मोठी माणसं रात्री बॅटरी घेऊन उथळ पाण्यात उतरायची, कारण हा मासा रात्री बाहेर येतो. गोटे उचलायचे, मागे जाळी धरायची. उचललेला गोटा कुणी परत जागेवर ठेवत नसे. सकाळी नदी बघितली की नांगरल्यासारखी दिसायची.

मासे पिशवीत भरायचे. व्यापाऱ्याकडे जाईपर्यंत बरेच मरायचे. जिवंत माशाचेच पैसे. चुलत्याला एका माशाचे अगदी थोडे रुपये सुटायचे. त्या पैशांत त्याने पोरीचं बारावीचं शिक्षण केलं, म्हणून त्याला मी वाईट म्हणू शकत नाही. पण तो स्वतःच एक दिवस म्हणाला, आता रात्रभर फिरून वीस मिळत नाहीत. त्यानंतर त्याने सोडून दिलं आणि गवंडीकाम धरलं.

निवांत यांनी विचारलं होतं दोष कुणाचा. मला अजून सांगता येत नाही. पण नऊ युरो वाचून मी मोबाईल खाली ठेवला आणि बराच वेळ नुसता बसलो.

पंचगंगेकाठचा

पकडणारा_नाही, तुम्ही लिहिलंत त्याबद्दल हात जोडतो. मी विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर मला असं मिळेल असं वाटलं नव्हतं.

सई_तळ्यात

मीही दोनदा वाचलं. माझ्याकडचे बोटिया मी सहा वर्षांपूर्वी कुठून आले हे न विचारता घेतले होते.

मूळ प्रश्नावर माझं मत सांगते. आहेत ते सहा जिवापाड सांभाळा. परत दुकानात देऊ नका, दुकान पुन्हा विकेल आणि जागा रिकामी झाली की नवे मागवेल. नवे घेऊ नका. आणि दुकानदाराला विचारा, नदीतले की शेतावरचे. उत्तर माहीत नसेल तर तसं सांगू दे, पण विचारा. गिऱ्हाईक विचारायला लागलं की तो पुढच्याला विचारतो. मी माझ्या दुकानदाराला गेल्या आठवड्यात विचारलं. त्याने आधी हसण्यावारी नेलं. मग वहीत बघून म्हणाला, कोलकात्याहून पेटी येते, मागचं माहीत नाही. पण पुढच्या वेळी विचारतो म्हणाला.

कुर्ला_कट्टा

सहमत. आणि मी माझं 'आमच्या टाकीतला आहे' हे वाक्य मागे घेतो. विद्यार्थीसाहेबांनी सांगितलेल्या त्या मेक्सिकोच्या माशासारखं आपल्याकडे बोटियाचं का होऊ नये? कोल्हापूर किंवा पुण्याचं एखादं विद्यापीठ आणि आम्ही हौशी मंडळी. कुठल्या ओढ्यातले, किती, कधी, याची वही. मी टाकी द्यायला तयार आहे. चार फुटी, रिकामी आहे.

जलचर_विद्यार्थी

परवानगी घ्यावी लागेल आणि सरांशी बोलावं लागेल, पण मी हे गंभीरपणे घेतोय. व्यनि (व्यक्तिगत निरोप) करतो.

पण आधी कुठे उरलेत ते शोधायला हवं. मास्तर, रामतीर्थाच्या वर आता काय परिस्थिती आहे?

आजरेकर_मास्तर

काल सकाळी नातवाला घेऊन मुद्दाम गेलो होतो. गुडघे साथ देत नाहीत म्हणून पाण्यात मी उतरलो नाही, तो उतरला. धबधब्याच्या वर, जिथे पाणी दोन खडकांच्या मधून वेगाने येते, तिथे त्याला बसवले आणि सांगितले, गोटा उचलायचा नाही, नुसते बघायचे.

अर्धा तास काही नाही. बारके करड्या रंगाचे मासे, झिंगे, एक खेकडा. मग तो हळूच म्हणाला, "आबा, पट्टे." मला काठावरून दिसले नाही. त्याने सांगितले ते असे: खडकाच्या खालून तोंड बाहेर, मिशा, मग अर्धे अंग, तिरके पट्टे, मग परत आत. एकच होता की दोन ते त्याला कळले नाही.

फोटो नाही. शास्त्राला हे चालणार नाही हे मला कळते. पण पोरगा खोटे बोलत नाही.

जलचर_विद्यार्थी

मास्तर, शास्त्राला सुरुवात म्हणून चालतं. पुढच्या शनिवारी येऊ का? पाण्याखालचा कॅमेरा आहे विभागात. काही पकडणार नाही.

आजरेकर_मास्तर

अवश्य या. जेवायला घरीच. घनसाळ तांदळाचा भात करायला सांगतो.

रस्सावाला

मास्तर, मी कोल्हापुरातनं गाडी घेऊन येतो, या विद्यार्थी पोराला आणि कॅमेऱ्याला पण घेऊन येतो. मी पोहायला पट्टीचा आहे.

पंचगंगेकाठचा

मंडळी, उशिरा लिहितोय. इथल्या दुकानदाराला विचारलं. पेटीवर मूळ देश भारत एवढंच होतं, नदीतले की शेतावरचे ते त्याला माहीत नव्हतं. नवे मागवताना विचारेन म्हणाला. मी नवे घेणार नाही.

लेकीने टाकीवर मराठीत चिठ्ठी चिकटवली आहे, 'वाघोबा, गाव कोल्हापूर'. 'ल्ह' लिहायला तिला तीनदा लागलं.

मे महिन्यात येतोय तीन आठवडे. मास्तर, तिला रामतीर्थावर आणलं तर चालेल का? आणि सईताई, तीन आठवडे मासे कुणावर सोपवावेत? शेजारी एक आजी आहेत, पण त्या दिवसातून चार वेळा खायला घालतील अशी भीती आहे.

सई_तळ्यात

रोजच्या खाण्याच्या पुड्या बांधून ठेवा, तारीख घालून, आणि डबा कपाटात कुलूपबंद. तीन आठवड्यांच्या अठरा पुड्या, मधे आठवड्याला एक दिवस रिकामा. आजींना सांगा, रिकाम्या दिवशी मासे उपास करतात.

आजरेकर_मास्तर

मे मध्ये पाणी कमी असते, दिसण्याची शक्यता अधिक. तिला जुने बूट आणायला सांगा, गोटे निसरडे असतात.